इनामाचं लुगडं

इनामाचं नाव काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाईला बाईची वैरीण करायला फार काही लागत नाही, एक नवं लुगडं पुरतं.

निजामाचं राज्य होतं, तिकडं लढाई चालू होती. सेलूच्या एका जिनिंगवर मी आणि माझी धाकटी जाऊ कामाला जायचो. कापसातली सरकी काढायची यंत्रं ओळीनं मांडलेली, एकेका यंत्रावर एकेक बाई. दिवसभर आम्ही कापसात बुडालेल्या, आणि अंगावरचं लुगडं मात्र ठिगळांचं. लढाईमुळं बाजारात कापड मिळतच नव्हतं.

आमच्यात एक रीत होती. यंत्रात कापूस अडकला की ते थांबवायला यंत्र फिरवणारा वरचा पट्टा काठीनं पाडावा लागे, आणि तो पट्टा असे शेजारणीच्या हाताशी. ‘पट्टा!’ अशी हाक आली की तिनं आपलं काम टाकून काठी उचलायची. आदल्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या असल्या तरी काठी उठायचीच. त्याबद्दल कुणी कुणाला इनाम देत नव्हतं.

मग मुकादमानं अक्कल पाजळली. आठवड्यात जिची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, सगळ्यात जास्त भरेल, तिला नवं लुगडं. हिरवंगार, लाल काठाचं. मेल्यानं ते दारातच खुंटीला टांगलं, येता-जाता डोळ्यात भरावं म्हणून.

दोन दिवसांत सगळ्यांची नियत फिरली. एक रुईवर पाणी शिंपडायची, दुसरी किडका कापूस न निवडताच यंत्रात कोंबायची. माल घाण निघत होता, पण वजन भरत होतं, म्हणून मुकादम खूश. हाका यायच्या आणि शेजारणी बहिऱ्या व्हायच्या. शेवटी बाया चालू यंत्रातच हात घालून अडकलेला कापूस ओढायला लागल्या. मुकादम मिशीला पीळ देत म्हणायचा, "बघा, आता कशा कामाला लागल्यात भवान्या!" त्याच्या तोंडात किडे पडोत.

शेवटच्या दिवशी माझी रुई सगळ्यांच्या पुढं होती. दुपारी शेजारच्या यंत्रावरून जाऊ ओरडली, "आक्का, पट्टा पाडा!"

एवढी ओंजळ घालते नि उठते, असं मी मनात म्हटलं. तिनं पुन्हा हाक मारली. मी दुसरी ओंजळ उचलली. त्यानंतर आली ती किंकाळी.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मुकादमानं तिला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून सांगितलं आणि लुगडं माझ्या हातात ठेवलं. त्याला मी शिव्या घालते खरी, पण हात पुढं केला तो मीच.

घरी जाऊ म्हणाली, "आक्का, म्या दोनदा हाक मारली. तुमाला ऐकू आली न्हाई का?"

"न्हाई गं," मी म्हणाले, "लय धडधड व्हती."

तिनं ते खरं मानलं.

नवं लुगडं मी तिलाच दिलं. पण तिला निऱ्या धरता येईनात, म्हणून रोज सकाळी मीच तिला ते नेसवायचे. हात वर धरून ती उभी राहायची आणि म्हणायची, "आक्का, तुमी नसत्या तर माजं कसं झालं असतं?"

मी मान खाली घालून निऱ्या खोचायचे.