माझी निमगावची गुप्त मोहीम

गुप्तहेर म्हणून माझी कारकीर्द एकूण पावणेतीन तास चालली. त्यातला सव्वा तास मी इंदापूर गाडीत उभा होतो.

सुरुवात बारामतीच्या थेटरात झाली. रविवारी दुपारी बायको आणि मुलगी प्राजक्ता यांना घेऊन मी हेरगिरीच्या एका मारधाड पिक्चरला गेलो होतो. असले पिक्चर म्हणजे माझा जुना नाद. त्यात काय जमलंय आणि काय फसलंय हे मी पिक्चर चालू असतानाच सांगतो (मागून कुणी 'गप बसा' म्हणालं तरी). थेटर निम्मं रिकामं होतं, पण धोतर-टोपीतले एक आबा नेमके माझ्याच शेजारी येऊन बसले. मला वाटलं, जाणकार माणूस दिसतोय.

"हाणामारी एक नंबर," मी त्यांना समजावलं. "गाड्या उडवाव्यात तर ह्यांनीच. हिरो विमानाला लोंबकळतोय तरी भांग मोडत नाही, ते आपण सोडून देऊ. पण दोन चुका फार मोठ्या आहेत."

"कुठल्या वो?"

"एक, हा परक्या गावात हिंडतोय आणि 'पाव्हणं, कुठलं?' असं एकही माणूस विचारत नाही. दोन, तो व्हिलन. कुठं, कधी, कसं, सगळा बेत हिरोलाच सांगून मोकळा! असा येडपट माणूस जगात असतो का?"

"न्हाय बा," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "पाव्हणं, कुठलं तुमी?"

मी थोडक्यात माहिती दिली. इंटरव्हल संपला तरी ती चालूच होती.

तेव्हा प्राजक्तासाठी निमगाव केतकीचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा जनावरांचा डॉक्टर. फोटो बघितल्यापासून पोरगी कारण नसताना हसत होती, आणि ती हसतेय म्हणून मलाही बरं वाटत होतं. पण चौकशी करायला नको? बाकीचे बाप त्यासाठी एखाद्या पाहुण्याला फोन लावतात. मी वेष पालटून जायचं आधीच ठरवलं होतं.

"बाबा, नका ना जाऊ," प्राजक्ता म्हणाली. "मला पसंत आहे ते स्थळ. तुम्ही काहीतरी घोळ घालाल आणि ते लोक नाही म्हणतील."

पण मोहीम ठरली होती.

"अहो, ते काळं जाकीट तरी घरी ठेवा," बायको म्हणाली. "उन्हात चक्कर येऊन पडलात तर सगळं गाव बघायला येईल."

बाजाराच्या दिवशी मी जाकीट, काळा चष्मा आणि टोपी अशा थाटात निमगावच्या स्टँडवर उतरलो. आधी चहा मागवला. चहावाल्यानं कप पुढं केला आणि त्याबरोबर प्रश्नही.

"पाव्हणं, कुठलं?"

"भिगवणचा. मासळीचा धंदा आहे."

"आसं व्हय. माझी सासरवाडी तितलीच. कुणाच्यातलं तुमी?"

"म्हणजे, मूळचा मोरगावचा," मी चष्मा सावरला. "शेळी घ्यायला आलोय."

एवढं बोलायचा अवकाश, मागून एका माणसानं माझ्या हातात शेळीचं दावंच दिलं. "मग हीच घ्या की. इस्वास नसंल तर आदी डॉक्टरला दाखवू. हितंच हाय त्येंचं घर."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत वरात निघाली होती. पुढं मी, मागं शेळी, तिच्या मागं मालक आणि बाजारातले चार रिकामटेकडे. वाटेत शेळीनं माझ्या जाकिटाची बाही चघळून पाहिली (आवडली असावी, कारण पुढं तिनं ती सोडलीच नाही). आणि मी असा, काळ्या चष्म्यात, शेळीला बाही देऊन, होऊ घातलेल्या जावयाच्या दारात उभा राहिलो. इथं ओळखलं गेलो असतो तर स्थळ गेलंच होतं. प्राजक्ताला कुठलं तोंड दाखवणार होतो मी?

मुलगा मात्र भला. हात धुऊन आला, शेळीचे दात बघितले, पोट चाचपलं, वही उघडली.

"नाव काय लिहू?"

"शेळीचं?"

"तुमचं."

पन्नास वर्षं वापरलेलं नाव जाऊ द्या, त्या क्षणी मला एखादं खोटं नावसुद्धा सुचेना.

"लिही की," आतून आवाज आला. "दिनकरराव. गाव बारामती. पोरीचं नाव प्राजक्ता."

पडदा सरकवून थेटरातले आबा बाहेर आले.

"म्या ह्येचा मामा," ते बाजेवर बसत म्हणाले. "त्या दिशी तुमच्या गल्लीत चौकशीलाच आलतो. शेजारनीनं सांगितलं, पिक्चरला गेल्यात. मंग म्या बी तिकीट काढलं. वळखायला काय तरास न्हाय पडला. आख्ख्या थेटरात तुमीच बोलत व्हता."

"आणि ही शेळी?"

"आमचीच हाय. तुमीच सांगितलं न्हवं का, बाजाराच्या दिशी येनार, काळं जाकीट घालून? भिगवणचा मासळीवाला म्हनून, आन् ते न्हाय जमलं तर मोरगावचा शेळीवाला? उनात घर हुडकत फिराल, म्हून गड्याला शेळी दिऊन स्टँडवर बसवला."

मी चष्मा काढला. "मग, स्थळाचं काय आबा?"

"पोरगी चांगली हाय. सासरा पोटात काय ठिवत न्हाय. आजून काय बगायचं आसतं?"

डॉक्टर खाली बघून हसला. मला एकदम इतकं भरून आलं की काढलेला चष्मा मी परत लावला.

लग्न झालं. प्राजक्ता निमगावात सुखात आहे. त्या पिक्चरमधली पहिली चूक अजूनही चूकच आहे, पण दुसरी मी मागे घेतली. असा येडपट माणूस जगात असतो. तो बारामतीत राहतो आणि व्याह्यांनी आग्रहानं दिलेली शेळी रोज संध्याकाळी फिरवून आणतो.