आक्कासाठी काढलेली सहल

आक्काला स्वतःबद्दल काही विचारलं की ती उठून जायची. "आक्का, तुला कुठली साडी आवडली?" म्हटलं की "दूध वर येतंय वाटतं," म्हणत ती स्वयंपाकघरात. गॅसवर दूध असो नसो. मी लहान असताना मला ते खरंच वाटायचं. कळायला लागल्यावर मात्र चीड यायला लागली. भिंतीशी बोलावं आणि भिंतीनं चहा आणून द्यावा, तसं व्हायचं.

आई गेली तेव्हा आक्का एकोणीस वर्षांची होती. आमचा भाऊ अण्णा शाळेत होता, मला तर आईचा चेहराही नीट आठवत नाही. कडोलीजवळच्या आमच्या गावात शेती जेमतेम. आक्का उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली आणि आम्ही बेळगावात आलो. तिनं अण्णाला शिकवलं, माझं लग्न लावलं, आमच्या वडिलांचं, आबांचं आजारपण काढलं, नंतर अण्णाची पोरं सांभाळली. तिच्या लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "बघूया की, घाई काय हाय?" बघता बघता तिनं पन्नाशी ओलांडली.

घरात ती मधल्या खोलीत झोपायची. परसात जाणारा, पाणी प्यायला उठणारा, सगळेच तिच्या उशाजवळून जायचे. "तुझी झोपमोड होत नाही?" असं मी एकदा विचारलं. "सवय झालीया गं," म्हणाली आणि चादर झटकायला लागली.

अशात निपाणीहून एक स्थळ आलं. तंबाखूचे व्यापारी, बायको वारलेली, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात. माणूस सरळ आणि समजूतदार. अण्णाला वाटलं, देवच पावला. पण आक्काला हे सांगायचं कसं? चारदा सुरुवात केली, चारही वेळा ती उठून गेली. मग मीच तोडगा काढला. तिला समुद्रावर न्यायचं. तिथं ना गॅस, ना दूध. जाईल कुठं?

वेंगुर्ल्याच्या अलीकडं एक जुनी उतारशाळा आहे. पूर्वी घाटावरून माल घेऊन बंदराकडं येणारे गाडीवान आणि व्यापारी तिथं मुक्काम करायचे. जांभ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती, लांबलचक ओसरी, बैल बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत. आता तिचं लॉज केलंय. अण्णा, वहिनी, मी आणि आक्का, असे आम्ही चौघं शनिवारी आंबोलीवरून खाली उतरलो. निपाणीचे पाहुणे रविवारी जेवायला येणार होते.

मॅनेजरकडं एक जादा खोली रिकामी होती. अण्णानं ती कौतुकानं आक्काला दिली. आक्का आत गेली, कडी लावली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत बाहेर आलीच नाही. जेवली आणि परत आत. सकाळी अण्णानं तिला कसंबसं वाळूत गाठलं. "आक्का, जरा बोलायचं हाय."

"बोल की. पर आदी चप्पल काढ, लाट यायलीया."

लाट आली, अण्णाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, बोलायचं तसंच राहिलं.

दुपारी पाहुणे आले. पांढरे स्वच्छ कपडे, हातात गुळाची छोटी ढेप. वहिनीनं आक्काचं दार वाजवलं. "आक्का, पाहुणे आलेत."

"कुणाचे?"

"आपलेच."

"मग बसवा की."

दार उघडलं नाही. मी गेले, हाका मारल्या, विनवण्या केल्या. आतून शांत आवाज आला, "झोपलोय मी." मला ते दार लाथेनं उघडावंसं वाटलं. ओसरीवर अण्णा पाहुण्यांना तिसऱ्यांदा पाऊसपाणी विचारत होता. शेवटी जेवणं आटोपली. पाहुण्यांनी हात धुतले आणि विचारलं, "बाईस्नी ठाऊक हाय न्हवं, मी येणार म्हणून?"

अण्णानं टॉवेल पुढं केला.

"म्हंजे विचारलाच न्हाईसा." ते चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. "त्यांचीबी फजिती केलासा, माझीबी." गाडीत बसून ते निघून गेले.

चार वाजता आक्का बाहेर आली. तोंड धुतलेलं, वेणी घातलेली, डोळे झोपेनं टवटवीत. ते बघून अण्णाचा तोल सुटला. "तुझ्यासाठीच केलो की हे सगळं! उद्या तुला कोण हाय?"

आक्का ओसरीच्या पायरीवर बसली. "मला ठाऊक होतं रं. तुझी बायको फोनवर बोलत होती, त्यावरनं कळलंतं." मग म्हणाली, "आबांचं केलो. तुमा दोघांचं केलो. तुझ्या पोरांचं केलो. आता निपाणीला जाऊन आनि एकाचं करू?"

"मग तुला पायजे तरी काय?"

मला वाटलं, आता ही उठणार. ती उठली नाही. "अशी एक खोली," म्हणाली. "कडी लावली की कोन आत येऊ नये, अशी."



महिन्याभरात तिनं कारखान्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली. अण्णा वरचा मजला बांधून द्यायला तयार होता, ती ऐकेना. भावकीत बोभाटा झाला, "भावानं बहिणीला घराबाहेर काढलं." अण्णानं कुणाकुणाला समजवावं? "एकदा तू तरी सांग त्यांना," तो तिला म्हणाला. ती म्हणाली, "बोलू देत की." ज्याच्यासाठी रक्त आटवलं, त्याचं नाव खराब होत होतं आणि हिला त्याचं काहीच नव्हतं! एका सणाला मी न कळवता गेले, तर दारातच म्हणाली, "फोन करून यायचं न्हवं काय?" पुरणपोळीचा डबा तिच्या हातात देऊन मी तणतणत सासरची, खानापूरची बस धरली.

तीन वर्षं ती तिथं राहिली. मग तापाचं निमित्त झालं आणि गेली.

दहाव्याला तिची घरमालकीण आली होती. डोळे पुसत म्हणाली, "लई हसवायच्या ओ. रविवारी आमी दोघी सिनेमाला जायचो. येताना रस्त्यानं सगळ्यांच्या नकला करायच्या. पोट दुखायचं हसून."

"कोण, आक्का?" अण्णानं विचारलं.

"व्हय की. आनि कोन?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात तिनं एवढी वर्षं काढली होती. तिच्या हसण्याचा आवाज मी आठवू लागले, आणि काही केल्या तो मला आठवेना.