फॉर्मवरची सावनी

आमच्या ह्यांना कुठलाही फॉर्म भरायला दिला की त्यांचा चेहरा उजळतो. चारुदत्त पूल बांधणाऱ्या कंपनीतून रिटायर झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण हात शिवशिवतातच. मसाल्याच्या डब्यांवर तारखा, बॅटऱ्यांवर तारखा, बर्फ उपसायच्या फावड्यावरसुद्धा विकत घेतल्याची तारीख. माझ्यावर अजून घातलेली नाही, एवढंच. फेब्रुवारी लागला की शिकागोजवळ, नेपरव्हिलमधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझं राहत नाही. मंडळातली निम्मी माणसं फायली घेऊन येतात, हे त्यांचे आयआरएसचे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचे, फॉर्म फुकट भरून देतात आणि चहा मी करते.

आमचे टॅक्स मात्र सगळ्यांच्या आधी जायला हवेत. यंदाही पहिल्याच आठवड्यात गेले. जोडीनं भरतो, त्यामुळे माझीही सही लागते, आणि मी ती नेहमीप्रमाणे न वाचता केली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं काय काय वाचत बसायचं?

मार्चमध्ये एका शनिवारी मंजुषा आली. मंजुषा आमची सून. होती, असं म्हणायला हवं. आमचा सौमित्र आणि ती तीन वर्षांपूर्वी वेगळे झाले. तो नोकरीसाठी टेक्सासला गेला आणि सावनी, आमची आठ वर्षांची नात, कोर्टाच्या हुकमाप्रमाणे आईकडे राहिली. ती आमच्या वाट्याला येते ती केवळ मंजुषाच्या चांगुलपणामुळे. शाळा सुटली की हे तिला घेऊन येतात. ती आमच्याकडे खाते, अभ्यास करते, आजोबांशी पत्ते खेळताना बिनदिक्कत फसवते आणि सात वाजता शिकागोहून ट्रेननं आलेली मंजुषा तिला घेऊन जाते. कागदोपत्री आमचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही. रोज सातला बेल वाजली की मी तिचं दप्तर मुद्दाम सावकाश भरायचे ते त्यामुळेच.

"बाबा, माझा रिटर्न रिजेक्ट झालाय," मंजुषा लॅपटॉप टेबलावर ठेवत म्हणाली. "सावनीला ऑलरेडी दुसऱ्या कुणीतरी डिपेंडंट म्हणून क्लेम केलंय म्हणे. हे सौमित्रचंच काम." इथे एक मूल एकाच्याच फॉर्मवर दाखवता येतं आणि त्यावर टॅक्समध्ये सूट मिळते.

तिथल्या तिथे तिनं त्याला फोन लावला. तो पलीकडून ओरडायला लागला, "मंजू, आय स्वेअर, मी नाही केलं! एव्हरीथिंग इज माय फॉल्ट का, यार?" तिनं फोन आपटला.

हे मात्र खुशीत आले. असला गुंता म्हणजे ह्यांना मेजवानी. "हे बघ, घाबरायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. कुणी केलं ते आयआरएस सांगत नाही. आपण त्यांच्या साइटवरून तुझ्यासाठी सहा आकडी पिन घ्यायचा आणि तो घालून रिटर्न पुन्हा पाठवायचा. मग तो घेतात. पुढे पत्र आलंच, तर शाळेचे आणि डॉक्टरचे कागद दाखवायचे, तुझ्या पत्त्याचे. मूल वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री कुणाकडे झोपतं ते बघतात. शिवाय आई क्लेम करत असताना बाकी कुणाचा नंबर लागत नाही."

मी चहा गाळत होते. सहज विचारलं, "अहो, आपल्या फॉर्मवर सावनी नाही ना?"

"आहे ना! घरात आणखी कोण असतं, असं विचारतात तिथे. मी लिहिलं, नात, बारा महिने..."

आणि हे थांबले. दुसऱ्यांच्या फॉर्मवर भिंग घेऊन बसणारा हा माणूस! सावनीचा सोशल सिक्युरिटी नंबर जुन्या फायलीत होताच, तो घातला आणि मोकळे झाले. मला एवढा राग आला की चहा गाळणीबाहेर सांडला.

"रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात ना," हे पुटपुटले, "तसं वाटलं मला. ती रोज आपल्याकडेच असते..."

मंजुषा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, मी हिला एकटीनं वाढवतेय, हे सांगणारा तो एकच कागद आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "सोमवारपासून शाळा सुटल्यावर ती तिथेच आफ्टरकेअरला राहील." तिनं लॅपटॉप मिटला आणि ती गेली.

ती गेल्यावर ह्यांनी जुनी फाइल मिटून ठेवली. मग म्हणाले, "सुनेत्रा, मला तिचं नाव कुठेतरी आपल्या नावाखाली हवं होतं गं." आता यावर रागवायचं तरी कसं?

तो आठवडा फार वाईट गेला. रोज तीन वाजता हे बूट चढवायचे, दारापर्यंत जायचे आणि बूट काढून ठेवायचे. मीही सवयीनं दोन पोळ्या जास्तच लाटत होते. मंजुषाचा एवढाच मेसेज आला की पिन मिळाला आणि रिटर्न घेतला. तिचं काम झालं होतं. आमचं झालं नव्हतं.

शुक्रवारी ह्यांनी दुरुस्तीचा फॉर्म काढला. त्यात बदल का केला ते लिहायला जागा असते. ह्यांनी दीड पान लिहिलं, त्यात आजी-आजोबांची माया वगैरे सगळं. मी म्हटलं, "अहो, ते आयआरएस आहे, व्याही नव्हेत." मग त्यांनी सगळं काढून टाकलं आणि मोजकं लिहिलं. पाठवण्याआधी मंजुषाला दाखवायचं, एवढं मात्र त्यांनी स्वतःच ठरवलं.

शनिवारी आम्ही तिच्या अपार्टमेंटवर गेलो. सावनीनं दार उघडलं. "आजोबा, व्हेअर वर यू?" ती म्हणाली आणि ह्यांच्या कमरेला बिलगली. त्यांनी तसाच हात लांब करून कागद मंजुषाला दिला.

इंग्रजीत लिहिलेल्या त्या चार ओळींचा अर्थ असा होता: मुलगी तिच्या आईकडे राहते. आई एकटीच तिला वाढवते. मी दिवस मोजले, नियम रात्रींचा आहे. चूक माझी आहे.

मंजुषानं ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले, आणि माझे तर दारातच भरले होते.

"बाबा, पेन आहे?" तिनं विचारलं. ह्यांच्या खिशात पेन नसेल असं कधी झालंय?

तिनं कागद भिंतीवर टेकवला, त्यातला 'एकटीच' हा शब्द खोडला आणि कागद ह्यांना परत दिला. "आता पाठवा," ती म्हणाली. "आणि सोमवारी साडेतीनला हिची शाळा सुटते."