पिकलेल्या केळ्यांचा बोर्ड

मी मूर्ख आहे हे घरचे लहानपणापासून सांगत होते. पण त्याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने, आठ बाय चारच्या पत्र्यावर, ऑइल पेंटमध्ये काढून दिला. चहा घ्या, सांगतो.

साल असेल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मी धुळ्याचा, सुपडू यावलचा. दोघांनी मिळून जळगावात, स्टँडच्या मागे, बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. वर नाव लिहिलं 'सुपडू-प्रकाश आर्ट्स'. प्रकाश म्हणजे मी. अक्षरं माझीच, सावली देऊन काढलेली. सुपडूला हातात पट्टी दिली तरी सरळ रेघ ओढता येत नव्हती.

मग तो करायचा काय? गिऱ्हाईक आलं की बाकावर बसवायचा, चहा मागवायचा आणि तासभर विचारत बसायचा. गाव कुठलं, दुकानात काय जास्त खपतं, शेजारी कोण. मग आत येऊन मला सांगायचा, "निया रंग नको घेऊ भाऊ. समोरच्या दुकानाचा बोर्ड निया हाये, तो त्याचा भाऊबंद. दोघांचं बोलनं नाही." निया म्हणजे निळा.

मला याचा राग यायचा. हात माझे दुखणार आणि लोक विचारणार सुपडूभाऊ कुठे म्हणून! एका दुपारी टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठलं होतं. धुळ्याच्या बोलीत बोलून गेलो, "काम बठ्ठं, सगळंच, मी करस. तू काय करस? च्या पेस नि गप्पा मारस."

सुपडूने कप खाली ठेवला. "खरं हाये तुझं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. यावलला घरच्या केळीच्या बागेत कामाला लागला, असं कळलं. शहाणा माणूस त्याला आणायला गेला असता. मी शिडी लावली आणि वर रंग मारून बोर्डावरून त्याचं नाव काढून टाकलं.

महिनाभर बाक रिकामाच होता. मग सावद्याचे एक केळीचे व्यापारी आले, सगळे त्यांना आबा म्हणत. "मोठा बोर्ड पाह्यजे. वर केळाचा घड काढजो," म्हणाले आणि बाकावर जरा टेकले. चहाची वाट पाहत असावेत. मी म्हटलं, "आबा, आठ दिवसांनी या."

आता मी केळी पाहिलेली कुठे? धुळ्याला, हातगाडीवर. तशीच काढली, पिवळीधमक. सालीवरचे तपकिरी ठिपके बारीक ब्रशने एकेक करून टिपले. तुम्हाला खोटं वाटेल, पण पत्र्यावर खऱ्या माश्या येऊन बसल्या.

आबांनी बोर्ड पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, भारावले.

"हे तं पिकेल हाये रे," ते हळूच म्हणाले.

"पिकलेलीच गोड लागतात ना आबा?"

"खानाऱ्याले. माही केळी हिरवीच वॅगनमधी चढते, थेट दिल्लीले जाते. तिकडे असा माल उतरला तं मले तापीत उडी घ्या लागीन. आन तू हे माह्या दारावर टांगतो?"

हिरवा रंग मारून देतो म्हटलं, तर ते उठलेच. "राहू दे. सुपडू म्हने, प्रकाशसारखा हात जिल्ह्यात नाही, त्याच्याकडेच जा. म्हनून आलो व्हतो."

पाठवणारा तोच होता. कुणी पाठवलं, इतकं साधं मी त्यांना विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

रविवारी यावलची बस धरली. सुपडूने बागेतच चहा मागवला आणि विचारायला लागला. धुळ्याला आई कशी आहे, कोपर अजून दुखतं का, बाकावर कोण बसतं. माझं तोंड उघडायला तासभर गेला. "चल परत," म्हटलं. "माझं चुकलं."

सुपडूने कप खाली ठेवला.

"मी आलो व्हतो रे एक डाव," म्हणाला. "दुकानासमोर उभा राह्यलो. माह्या नावाचा मागमूस नाही. खालचा रंगबी कुठी दिसत नाही. लई सफाईनं पुसलं तू."

तो आला नाही. दुकान वर्षभरात बंद पडलं.

माझ्या हाताला पुष्कळांनी दाद दिली, पण सुपडूइतकं नीट निरखून कुणी दिली नाही. ते नाव पुसायचं एक काम हातात घेण्याआधी तरी मी त्याला बाकावर बसवून चहा पाजायला हवा होता.