सतरा नंबरचं जवस

नव्वदीच्या दशकात मी कराडच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. जवसाची रोपं आम्ही काचेच्या बाटल्यांत वाढवायचो. मला हवं होतं रंगाच्या कारखान्यांसाठी तेल, लावलं की झटकन सुकणारं. तीन वर्षं खपल्यावर एकाच रोपाच्या वंशात ते उतरलं, सतरा नंबर. त्याचं होतं नव्हतं तेवढं बी, तुलनेसाठी आणखी अकरा नंबरांच्या बियांसोबत, मी इस्लामपूरजवळच्या एका शेतात पेरायला दिलं. चिमूटभरही मागं ठेवलं नाही. घाई माझ्या रक्तातच आहे.

काढणीनंतर बी आणायला गेले, तर नंबर घातलेल्या पिशव्या गायब! शेतमालकाच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. त्या शांतपणे म्हणाल्या, "वाटलं की आठ दिसांमागं. नवं पीक घरात आल्यावर वानवळा द्याया नगं व्हय?"

बारा पिशव्या, बारा घरं.  मला राग आला. "आक्का, पिशव्यांवर आकडे काय शोभेला घातले होते?" खरं तर सूचना मी त्यांच्या मालकांना दिल्या होत्या, त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. आक्कांनी डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्यासोबत निघाल्या. दिलेला वानवळा परत मागायला जाणं त्यांना किती जड जात होतं, ते चालीवरून दिसत होतं. मला तेव्हा त्याची फिकीर नव्हती.

पहिल्या घरी पिशवी चुलीत गेलेली, बी डब्यात. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी सगळं भाजून कुटलेलं, आणि भाजलेलं बी काही उगवत नाही. डब्यांतलं बी सगळं सारखंच तपकिरी, त्यातलं सतरा कसं ओळखणार?  वर प्रत्येक दारात चटणी चाखायचा आग्रह.

नवव्या घरची वहिनी आम्हाला बघताच म्हणाली, "आवं आक्का, चार दिसांत लय खवट झाली की चटणी! टाकून दिली. उरलेलं बी तसंच पडलंय."

 जे तेल लवकर सुकतं, ते खवटही लवकर होतं. आधीच्या आठांपैकी कुठल्याच घरी ही तक्रार नव्हती. सतरा नंबर इथंच होतं!

"ते उरलेलं मला द्याल?"

"न्या की. आमाला काय करायचंय त्येचं?"

आक्का उंबऱ्याशी मान खाली घालून उभ्या होत्या. "चुकलं बाई माझं. खराब बी घातलं तुमच्या पदरात. दुसरं धाडते." शेजारच्या दोघी आपापल्या दारातून ऐकत होत्या.

बी खराब नाही, ते माझं आहे, मीच त्याला तसं केलंय, एवढंच मी बोलायला हवं होतं. मी बी बांधलेल्या रुमालाची गाठ आवळली आणि कराडची एस.टी. किती वाजता आहे ते विचारलं.