दांड्यात धरलेली लसूण

मंडळी, आज सकाळी कराडच्या घरामागं लावलेली लसूण उपटली. एका रोपाचा दांडा जमिनीच्या वरच फुगला होता आणि आत चार बारीक पाकळ्या धरल्या होत्या. फोटो टाकलाय.

अशी लसूण मी याआधी एकदाच पाहिली, सत्तरच्या दशकात, म्हसवडजवळच्या आमच्या गावात. मी तेव्हा आठ वर्षांची होते. माझ्या काकूला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. तिनं तो फुगीर दांडा दाखवायला मला हाक मारली.

"बघ गं, हिला दिवस गेल्यात!" लय हसली ती.

मागून आजी म्हणाली, "लसणीला बी दिवस जात्यात. तुझं काय?"

काकूनं सगळा वाफा उपटला, कोवळी रोपंसुद्धा.

त्याच उन्हाळ्यात काकांनी दुसरी बायको आणली. काकू माहेरी निघाली, तेव्हा एसटीपर्यंत तिची पिशवी मीच धरली होती. "येशील न्हवं भेटाय?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले.

काकू आता नाही. तिचं माहेर दोन तासांवर होतं, तरी मोठी झाल्यावरही मी कधी गेले नाही.

तुमच्या घरातूनही अशी कुणी गेली होती का? तिला भेटायला कुणी गेलं का हो?