पप्पांनी पुसलेला कूलर

माझ्या वडिलांनी माझा गेमिंग कम्प्युटर पहिल्याच दिवशी बंद पाडला होता.

आज पप्पांना जाऊन एक वर्ष झालं. त्यांच्याबद्दल काहीतरी लिही, असं आई सकाळपासून म्हणतेय. चांगलंचुंगलं सगळेच लिहितात. मी हे लिहिते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. डोक्यात एकच खूळ, स्वतःचा गेमिंग पीसी. तोही स्वतः जोडलेला.

दोन वर्षं आठवीच्या पोरांच्या ट्यूशन घेतल्या. सगळे पैसे त्यातच.

ग्राफिक्स कार्ड देवळाली कॅम्पातून आणलं. एका फौजी कुटुंबाची बदली झाली होती, त्यांचा मुलगा सामान विकत होता. कॅबिनेट मावसभावाचं जुनं. प्रोसेसर सेकंडहँड, शालिमारजवळच्या सलीमभाईंच्या गाळ्यातून. त्याच्यावर बसवायचा, त्याला थंड ठेवणारा कूलर मात्र नवा, डबाबंद. तोही त्यांनीच दिला.

पप्पा मूळचे चांदवडकडचे, अंबडच्या एका कंपनीत फिटर. कम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण सगळे पार्ट मी चादरीवर मांडले तेव्हा चष्मा लावून प्रत्येक पार्ट बघितला.

"लय बारीक काम हे गं. हात धुऊन बस."

मला हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विंडोजचा पेनड्राइव्ह आणायला मी मैत्रिणीकडे सिडकोत गेले. आल्यावर सगळं जोडलं. कूलर डब्यातून काढला, बसवला, स्क्रू आवळले.

सुरू झाला! मी घरात नाचले. आईने हातावर साखर ठेवली.

गेम लावला. पाच मिनिटांत बंद.

परत लावला. परत बंद. कॅबिनेटला हात लावला तर चटका.

मला एकच सुचलं. सलीमभाईंनी खराब प्रोसेसर गळ्यात मारला.

तशीच निघाले. मी गाडी चालवत होते, पप्पा मागे कॅबिनेट मांडीवर धरून.

गाळ्यात गर्दी होती. माझ्या वर्गातली दोन मुलंही होती.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "ताई, मी चालवून दाखवला होता ना तुम्हाला?"

त्यांनी कूलर काढला, उलटा केला. खालचा भाग आरशासारखा लख्ख.

"याची पेस्ट कुठे गेली?"

नव्या कूलरच्या खाली एक करडा लेप असतो. प्रोसेसरची उष्णता त्याच्यातूनच कूलरकडे जाते. तो नसेल तर प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःच बंद पडतं. ज्या व्हिडिओवरून मी जोडणी शिकले, त्यात सांगितलं होतं की लेप कंपनीतूनच लावून येतो. म्हणून मी कूलर उलटा करून पाहिलाच नव्हता.

"मी हातही नाही लावला! तुम्हीच वापरलेला माल नवा म्हणून दिलात, आणि वर मलाच विचारताय? चोराच्या उलट्या बोंबा!"

सलीमभाईंचा चेहरा उतरला. त्यांनाच शंका यायला लागली असावी. "असेल ताई, डबा मागूनच तसा आला असेल. कूलर बदलून देतो. प्रोसेसरही दुसरा घ्या, पैसे नकोत."

त्यांनी ड्रॉवर उघडला. मी जिंकले होते.

"थांबा भाऊ," पप्पा म्हणाले. "तुमची चूक नाय. ते मी पुसलं."

सगळे वळून बघायला लागले.

"आमच्याकडं नव्या पार्टला ग्रीस लावून येतं, गंजू नाय म्हणून. बसवायच्या आधी पुसायचं असतं. काल मला तिथं काय तरी चिकटलेलं दिसलं. आज फर्स्ट शिफ्ट करून आलो, तर पोर घरात नव्हती. म्हटलं, तिच्या मशीनला कचरा नको. चांगलं रॉकेल लावून पुसलं आन् परत डब्यात ठिवलं."

वर्गातली मुलं फिस्सकन हसली. उद्या कॉलेजभर होणार, हे मला तेव्हाच कळलं.

सलीमभाई हसले नाहीत. कूलर उजेडात धरून म्हणाले, "काका, पुसलंय मात्र एक नंबर." मग ट्यूब काढली, नवी पेस्ट लावली, तिथेच अर्धा तास मशीन चालवून दाखवलं. पैसे घेतले नाहीत.

आम्ही निघालो तर पप्पा दारात थांबले.

"चोर म्हनलीस तू त्यांना. माफी माग."

मी मागितली. खाली बघून, तोंडातल्या तोंडात.

त्यानंतर आठ दिवस मी पप्पांशी बोलले नाही. ते शिफ्टवरून आले की मी कानाला हेडफोन लावायचे. ते स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच विचारायचे, "तिचं मशीन चालतंय का गं?"

हेडफोनमधूनही ऐकू यायचं.

पुढे बोलणं सुरू झालं, जसं घरात होतं तसं. त्या दुपारचा विषय मात्र कोणी काढला नाही. नंतर मी नोकरीला लागले, पप्पा रिटायर झाले, आणि एका सकाळी चहा घेता घेता गेले.

पप्पा, मला वाटायचं मी तुमच्या चुकीवर रागावले होते. तसं नव्हतं. तुम्ही ती चूक माझ्या वर्गातल्या मुलांसमोर कबूल केलीत, याचा राग होता. मला तुमची लाज वाटली होती.

तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाला कळलं नसतं. मला फुकटात दुसरा प्रोसेसर मिळाला असता, आणि एक सरळ माणूस भर गाळ्यात चोर ठरला असता.

सलीमभाईंची माफी मी मागितली, कारण तुम्ही मागायला लावलीत.

तुमची मागायला मला कोणी सांगितलं नाही. मी मागितली नाही. वर्षं गेली, आणि मग तुम्हीच गेलात.

आज मागते. चुकले, पप्पा.

तुम्हाला मनापासून नमस्कार.